शिडीचं वाक्य

बुधवार, १७ सप्टेंबर

ही वही मी हौसेने लिहीत नाही. समाजकल्याण कार्यालयातल्या अंगेलोवाबाईंनी सांगितलं म्हणून लिहिते आहे. माझी धाकटी बहीण स्लाव्का शनिवारी गेली. तिची मुलगी कालिना एकोणचाळीस वर्षांची आहे, ऑटिस्टिक आहे. स्वतःचं असं एकही वाक्य तिच्या तोंडून मी आजवर ऐकलेलं नाही. ती दुसऱ्यांची वाक्यं म्हणते. जशीच्या तशी, ज्याची त्याच्या आवाजात, पुन्हा पुन्हा.

डोंगरातल्या निवासी संस्थेत एक खाट रिकामी झाली आहे. माझी सही २२ ऑक्टोबरपर्यंत हवी. तोवर कालिना काय बोलते, किती वेळा बोलते, ते तारीखवार लिहून द्यायचं, म्हणजे तिला कुठल्या विभागात ठेवायचं ते समिती ठरवेल. २२ ऑक्टोबर हा स्लाव्का गेल्यापासूनचा चाळिसावा दिवस, आमच्यात विधीचा. कार्यालयाला ते माहीत असायचं कारण नाही.

मी सही करणार आहे. मी एकोणसत्तर वर्षांची आहे, रक्तदाब आहे, आणि डबाबंद भाज्यांच्या कारखान्यात तीस वर्षं तपासणी प्रयोगशाळा सांभाळल्यामुळे कुठली बरणी टिकेल आणि कुठली फुगेल हे मला कळतं. स्लाव्का स्वयंपाकघरात पडली. मेंदूत रक्तस्राव. डॉक्टर म्हणाले, नऊच्या सुमारास झालं असावं. खालच्या मजल्यावरची गिनका झाकणं मागायला वर गेली तेव्हा अकरा चाळीस झाले होते. कालिना जमिनीवर आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी धडधाकट माणूस, आणि अडीच तास मदत नाही. माझ्या निर्णयाचं कारण एवढंच आहे.


गुरुवार, १८ सप्टेंबर

स्लाव्काच्या घरी राहायला आले. माझं घर तीन गल्ल्या पलीकडे, पण कालिना तिथे झोपत नाही.

आज दिवसभरात एकशे अठ्ठेचाळीस वेळा बोलली. वेगवेगळी वाक्यं एकोणीस. 'पुढचा थांबा, बाजार' (बसमधली बाई). 'जिना आत्ताच पुसलाय, पाय पुसा' (गिनका). 'आज शाळा नाही, लोळ खुशाल' (स्लाव्का, ऐकून मी हातातली बशी खाली ठेवली). रेडिओवर दुपारी डॅन्यूब नदीची बंदरागणिक पातळी सांगतात, ती तर अख्खी: 'विदिन, लोम, स्विश्तोव, रुसे, सिलिस्त्रा', प्रत्येकापुढे सेंटिमीटर. आकडे बहुधा जुने.

दारावर स्लाव्काचं शोकपत्रक लावलं आहे, फोटोसह. जाता-येता कालिना त्याच्यापुढे उभी राहून ते मोठ्याने वाचते, बातम्या देणाऱ्याच्या सुरात. मी पत्रक काढलं. गिनकाने जिन्यातच मला धरलं.

"अगं, चाळीस दिवस व्हायच्या आत काढतेस? लोक म्हणतील बहीण परत आली!"

"ती दहा-दहा वेळा वाचते."

"वाचू दे की. आपण एकदा वाचून विसरतो."

पुन्हा लावलं.


रविवार, २१ सप्टेंबर

गिनकाने कॉफीबरोबर विचारलं, "त्या दिवशी पोरीने कुणाला फोन नाही का केला? तुला तर नेहमी करते."

केला होता. लपवण्यासारखं त्यात काही नाही, म्हणून इथेही लिहिते. स्लाव्काच्या फोनवर दोन नंबरचं बटण दाबलं की माझा फोन वाजतो. कालिना आठवड्यातून तीन-चारदा दाबते. त्या शनिवारी नऊच्या सुमारास दाबलं. मी गच्चीत लाल ढबू मिरच्या भाजत होते, वीस किलो. विजेची भट्टी तापलेली. एकेक मिरची आत सोडायची, दीड मिनिटात काढायची, अर्धं मिनिट जास्त झालं तर कोळसा. तिने शिडीचं वाक्य लावलं होतं, 'शिडी सोडू नकोस! आले मी, आले!' ते ती वर्षातून एक-दोनदा म्हणते, वीज गेली किंवा असंच काही झालं की. नंतर बोलते म्हणून मी फोन ठेवला. आणखी एक-दोनदा वाजला असेल.

यावरून माझंच म्हणणं सिद्ध होतं. तिला फोन लावता येतो, सांगता येत नाही.

गिनका नेहमी तोंडाळ, आज मात्र कप उचलून गेली.


शुक्रवार, २६ सप्टेंबर

अंगेलोवाबाई पाहणीला आल्या. तरुण आहेत, सभ्य आहेत, बूट दारात काढले. कालिनाने गिनकाच्या आवाजात त्यांना पाय पुसायला सांगितलं. त्या हसल्या. मग कागद काढून मोठ्या आवाजात, बहिऱ्याशी बोलावं तसं म्हणाल्या, "कालिना, आई कुठे गेली?"

"आई कुठे गेली," कालिना म्हणाली. अंगेलोवाबाईंचाच सूर, शेवटी चढणारा.

"तुला आईची आठवण येते का?"

"तिकिटं दाखवा," कालिना म्हणाली, तपासनिसाच्या आवाजात. "तिकिटं दाखवा, तिकिटं दाखवा."

'प्रश्नाचा अर्थ समजत नाही' या चौकोनात खूण झाली. मी पाहिली. माझी हरकत नव्हती.

बाई गेल्यावर कालिनाने कपाटातून स्लाव्काच्या बाहेर घालायच्या बुटांचे तिन्ही जोड काढले, पुसले, पिशवीत घातले आणि पिशवी दाराबाहेर शोकपत्रकाखालच्या खिळ्याला अडकवली. मी आत आणली. तिने परत अडकवली. चार वेळा झालं. पाचव्यांदा मी नाद सोडला. हा पसारा आवरायचा छंद नवीन दिसतो.


मंगळवार, ३० सप्टेंबर

नुसते आकडे निरुपयोगी आहेत. कारखान्यात बरणी फुगली की आम्ही बरणी मोजत बसत नसू. त्या दिवशी पाणी कुठलं होतं, पाळीवर कोण होतं, ते लिहायचो. तसा नवा रकाना शनिवारी आखला: वाक्याच्या आधी काय घडलं.

तीन दिवसांत असं दिसलं. 'पुढचा थांबा, बाजार' ती चपलांकडे बघत म्हणते. बाहेर नेलं की थांबते. 'तिकिटं दाखवा' तिला कोणी सलग प्रश्न विचारले की येतं. (मी विचारले तरी येतं. तपासलं.) 'आज शाळा नाही' सकाळी ऊन पलंगावर आलं की. डॅन्यूब येते ती घाबरल्यावर नव्हे, घाबरणं ओसरताना.

योगायोग असू शकतो. नमुने अजून कमी आहेत.


गुरुवार, २ ऑक्टोबर

बाजारात ट्रकचा भोंगा वाजला. कालिना कान दाबून रस्त्यातच खाली बसली. लोक जमले. एकजण म्हणाला, "आजी, हिला घरात ठेवा ना." मी तिच्याजवळ वाकले. मी म्हटलं, "विदिन." तिने मान वर केली. मी म्हटलं, "लोम." सेंटिमीटर मला माहीत नव्हते, ते तिने घातले. सिलिस्त्रापर्यंत गेलो आणि उठलो.

तो माणूस आमच्याकडे बघतच राहिला. त्याला मी सांगितलं की घरात त्यानेच राहावं.


शनिवार, ४ ऑक्टोबर

जे घडलं ते क्रमाने लिहिते.

राहिलेल्या मिरच्यांची चटणी गॅसवर होती. बरण्या आणायला मी तळघरात गेले. तिथे एक फळी निखळली होती, ती बसवत बसले. वरून आवाज आला. बाईचा, जोरात, घाई झालेला: "शिडी सोडू नकोस! आले मी, आले!" पुन्हा. पुन्हा. मी फळीला हातोडी मारत राहिले.

गिनका तळघराच्या तोंडाशी आली. "रुमेना! वर पळ! पोरगी तुझ्या आवाजात बोंबलतेय आणि तू इथे ठोकत काय बसलीस?"

वर स्वयंपाकघर धुराने भरलं होतं. पातेलं लाल, ओट्याजवळचा पडदा पेटलेला. कालिना दारात उभी होती, आत जात नव्हती, दार सोडत नव्हती. गिनकाने ओली चादर टाकली. मी गॅस बंद केला. पडदा गेला, भिंत काळी झाली, बाकी काही नाही.

खिडक्या उघडल्यावर मी विचारलं, "माझ्या आवाजात म्हणजे काय?"

"अगं, माझ्यापुढे वेड पांघरतेस का? सगळ्या जिन्याला ठाऊक आहे. पाय पुसा ती मी. लोळ खुशाल ती स्लाव्का. शिडी ती तू. तरुणपणीची तू, अजून दम होता तेव्हाची."

"मी असं कधीच—"

आणि थांबले.

१९९३ चा जून. गावाकडचं अंगण. कालिनाचा बाप मेटोदी चेरी काढायला चढला होता. वरची पायरी मोडली आणि तो फांदीला लोंबकळला. खाली सात वर्षांची कालिना दोन्ही हातांनी शिडी धरून होती. मी विहिरीपासून धावत ओरडले. हेच. हेच शब्द. आणि पोचले, वेळेत पोचले. मेटोदीला खरचटलं फक्त.

बत्तीस वर्षं ती वर्षातून एक-दोनदा ते वाक्य म्हणते आहे. याच वहीत मी लिहिलं होतं, 'वीज गेली किंवा असंच काही.' स्लाव्काच्या पित्ताशयाच्या दुखण्याच्या वेळी म्हटलं होतं. नळ फुटला तेव्हा म्हटलं होतं. मेटोदी खरोखर गेला त्या सकाळी.

१३ सप्टेंबरला फोनवर


रविवार, ५ ऑक्टोबर

भिंत घासली. लिहिण्यासारखं काही नाही.


सोमवार, ६ ऑक्टोबर

काल खोटं लिहिलं. दिवसभर मोबाइल हातात घेऊन बसले होते आणि यादी उघडत नव्हते. आज उघडली.

१३ सप्टेंबर. ९.०४. ९.०६. ९.०७. ९.१५. ९.३१. ९.५०. १०.२०. सात. त्यातला ९.०६ चा मी घेतला. मग फोन घरात नेऊन उशीखाली ठेवला, हे आता आठवतं. 'आणखी एक-दोनदा' असं मी याच वहीत लिहिलं आहे, मागे. खोडत नाही.

दवाखान्यात फोन केला. डॉक्टर ओळखीचे, त्यांचे वडील आमच्या कारखान्यात होते. विचारलं, दहा मिनिटांत कळलं असतं तर?

"मावशी, आता हा हिशेब कशाला?"

"मी विचारलंय."

"सांगता येत नाही. कदाचित वाचल्या असत्या. कदाचित नाही."

मी धन्यवाद म्हटलं. पाय गार पडले होते. स्लाव्काचे बूट शोधू लागले, मग आठवलं की बाहेरचे जोड दारावर लटकत आहेत.


गुरुवार, ९ ऑक्टोबर

अंगेलोवाबाईंचा फोन. वही लवकर मिळाली तर बरं. फक्त वाक्यं हवीत, 'बाकीचं घरगुती' नको.

म्हणजे पानं काढून टाकणं सोपं आहे. गिनका बोलायची नाही. मी सही केली तर कालिना डोंगरात जाईल आणि शिडीचं वाक्य तिच्याबरोबर जाईल. तिथे ते कुणालाही कळणार नाही. 'मोठ्या आवाजात निरर्थक पुनरुक्ती', असं कोणीतरी लिहील आणि गोळी वाढवेल. मला ते पुन्हा कधी ऐकावं लागणार नाही. सकाळी दहा ते साडेदहा मी हा विचार केला आणि तो मला बरा वाटला. हे लिहून ठेवते आहे.

मग मी कालिनासमोर बसले. तिला समोर बसलेलं आवडत नाही, म्हणून शेजारी सरकले. म्हटलं, "त्या दिवशी तू मला बोलावलंस. ना?"

ती खिडकीच्या कडीशी खेळत होती. मग एक आवाज आला, कोरडा, वैतागलेला, मागे भट्टीची घरघर तीही तिने तोंडाने काढली:

"आज नको, कालिना, मिरच्या करपतायत. आईला सांग तुला आवर म्हणून."

मी असं म्हटलं होतं. 'नंतर बोलते' नव्हे. आईला सांग तुला आवर म्हणून.

ती पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदाही. तिच्या आवाजात राग नव्हता. राग होता तो माझा. मी हात मांडीखाली दाबून बसले. काही वेळाने ती आपणहून म्हणाली, "विदिन." मला लोम म्हणता आलं नाही. तिने सगळी नदी एकटीने संपवली.


सोमवार, १३ ऑक्टोबर

संस्थेच्या अर्जावर मागे लिहिलं आहे: 'नातेवाईक पर्याय सुचवू शकतात.' तीन वेळा वाचलं. आधी नजरेतून कसं सुटलं? सुटलं नव्हतं. वाचायचं नव्हतं.


शनिवार, १८ ऑक्टोबर

चाळिसाव्याचा विधी आज, त्याआधीच्या शनिवारी, कबरीवर. गहू काल शिजवले, साखर-अक्रोड घालून. कालिनाने साखर चाळली; एक गुठळी राहू दिली नाही.

गर्दी बरी होती. आमची पद्धत अशी की गव्हाचा पेला देताना म्हणायचं, 'देव तिला क्षमा करो', आणि घेणाऱ्यानेही तेच म्हणायचं. कालिना माझ्याबरोबर वाटत होती. पाद्र्याने म्हटलं, तिने पाद्र्याच्या आवाजात म्हटलं. गिनकाने म्हटलं, तिने गिनकाच्या. चाळीस-पन्नास माणसं, प्रत्येकाला त्याचा स्वतःचा आवाज परत. कोणी हसलं नाही, कोणी वळून पाहिलं नाही. एक म्हातारा म्हणाला, "मुलगी रीतीची आहे." आज सगळेच पुनरुक्ती करत होते.

बुटांची पिशवी कालिनाने घरून काखेत मारून आणली होती. गिनका म्हणाली, "मेटोदी गेला तेव्हा स्लाव्काने त्याचे बूट असेच दारावर लावले होते. गरजवंताने न्यावेत म्हणून. तुला आठवत नाही?"

मला आठवलं नव्हतं. कालिनाला आठवलं होतं. आई कुठे गेली याचं उत्तर तिने अंगेलोवाबाई जिना उतरत होत्या तेव्हाच दाराबाहेर टांगलं, आणि मी ते चार वेळा आत आणलं.

जोड देऊन झाले तेव्हा शेवटचा पेला उरला. कालिनाने तो माझ्यापुढे धरला. स्लाव्काच्या आवाजात म्हणाली, "देव तिला क्षमा करो." स्लाव्काने ते मेटोदीच्या की आमच्या आईच्या विधीत म्हटलं असेल, मला माहीत नाही. मी पेला घेतला आणि तेच म्हटलं. दोनदा म्हटलं. एकदाच पुरतं.


सोमवार, २० ऑक्टोबर

वाक्यांची स्वच्छ प्रत केली. त्रेचाळीस झाली. प्रत्येकापुढे आवाज कुणाचा, आधी काय घडतं, आणि आपण काय करायचं. सहा वाक्यांचा अर्थ लागला नाही. तसं लिहिलं आहे. अंदाज भरले नाहीत.

मी किती वर्षं आहे कोण जाणे. माझ्यानंतर कोणीतरी येईलच. त्याला हे हाताशी हवं.


बुधवार, २२ ऑक्टोबर

कार्यालयात अकरा वाजता. कालिना बरोबर होती. जाताना बसमध्ये 'पुढचा थांबा, बाजार' हे ती आणि यंत्र एकदमच म्हणाले आणि ती हसली.

अंगेलोवाबाईंनी वही चाळली. १३ सप्टेंबरबद्दलच्या पानांवर थांबल्या. लाल झाल्या.

"रुमेनाताई, हे तुमचं खासगी आहे. हे काढून द्या ना. हे समितीने वाचलं तर तुमच्याचबद्दल प्रश्न विचारतील. पालक म्हणून तुम्ही—"

"विचारू देत."

"तुमच्याकडे तिला ठेवणारच नाहीत कदाचित!"

"ती पानं काढली तर शिडीचं वाक्य कुणाला कळणार नाही. मग ती जिथे राहील तिथे मरेल, किंवा तिच्या शेजारचं माणूस मरेल. ठेवा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग कालिनाकडे वळल्या. या वेळी हळू बोलल्या, आणि समोरून नव्हे, शेजारी येऊन. प्रश्न विचारला नाही. म्हणाल्या, "आज शाळा नाही." माझ्या प्रतीतलं अकरावं वाक्य. कालिना म्हणाली, "लोळ खुशाल."

२६ सप्टेंबरच्या कागदावरची ती चौकोनातली खूण त्यांनी खोडली आणि बाजूला सही केली. निर्णय समितीचा, तीन आठवड्यांनी. तोवर कालिना स्वतःच्या घरात, आणि मी तिथे.

आज दिलेल्या वस्तूंची नोंद:

समाजकल्याण कार्यालयाला: संस्थेचा अर्ज, सहीविना. पर्याय म्हणून माझं पत्र, दोन पानं. ही मूळ वही आजच्या पानापर्यंत, एकही पान न काढता. म्हणून हे शेवटचे शब्द त्यांच्याच टेबलावर लिहिते आहे. वाक्यांची प्रत क्रमांक एक.

गिनकाला: प्रत क्रमांक दोन. घराची जादा किल्ली.

कालिनाला: तिच्या घराची किल्ली, आईच्या जुडग्यासकट. माझा मोबाइल तिला दाखवला. तो आता कुठेही जाताना माझ्या खिशात असतो.

प्रतीतली पहिली नोंद, पोच म्हणून इथे उतरवते:

वाक्य १. 'शिडी सोडू नकोस! आले मी, आले!' आवाज: मावशी रुमेना, १९९३. अर्थ: कुणाच्या तरी जिवावर बेतलं आहे. करायचं काय: हातातलं टाकून धावत जायचं. मी गेले नव्हते.